सुपातले आणि तागडीतले

यंदाच्या फराळाच्या ताटात चिवडा-चकलीच्या शेजारी एखादा नाचणीचा लाडू पुष्कळ घरांत असेल. नाचणीची शेव, नाचणीची बिस्किटे, नाचणीचे पापड, असे काय काय हल्ली दुकानात मिळते आणि ते सुबक डब्यांतून भेट म्हणूनही जाते. पंचवीसतीस वर्षांपूर्वी पाहुण्यापुढे नाचणी ठेवायला कोणी गृहिणी धजली नसती. तान्ह्या मुलाला सत्त्व म्हणून आणि आजाऱ्याला आंबील म्हणून ती चालत असे. धडधाकट माणसाने ती खायची म्हणजे त्याच्या घरी तांदूळ नाही, असाच तिचा अर्थ होता. या धान्यांच्या गटाला आपण नावही दिले होते ते ‘भरडधान्य’. त्या नावातच धान्यापेक्षा ते खाणाऱ्याची पायरी अधिक सांगितलेली होती.

आता तिचे दिवस पालटले आहेत. २०१८ हे वर्ष आपल्या देशात भरडधान्यांचे राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे या धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात त्यांना ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले. नाचणीचा सरकारी हमीभाव २०१४-१५ साली क्विंटलला १,५५० रुपये होता, तो २०२५-२६ साठी ४,८८६ रुपये जाहीर झाला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, पांढऱ्या तांदळात तो जेमतेम दहा असतो, हे आता आहारतज्ज्ञांप्रमाणेच पिशवीवरचा मजकूरही सांगतो. गरिबाघरची मुलगी मोठ्या घरी पडावी तसे हे झाले आहे, आणि कोणालाही बरे वाटावे असेच ते आहे.

परंतु मुलगी मोठ्या घरी पडली म्हणजे माहेरचे काय झाले, हे विचारायची आपल्याकडे रीत आहे. नाचणीचे माहेर कोणते? माझ्या मते ते डोंगर नव्हे आणि शेतही नव्हे. ते आहे डोंगरातल्या बाईचे सूप. म्हणून एक साधा प्रश्न मी आज वाचकांपुढे मांडते: धान्याला किंमत आली म्हणजे ते पिकविणारीलाही किंमत येते का? आणि येत नसेल, तर त्याचा दोष कोणाचा, किमतीचा की आणखी कशाचा?

नाचणी ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिकते. कोकणात आणि कोल्हापुराकडे ती नाचणी, नाशिक-पालघरच्या डोंगरांत नागली. खाचराची सपाट, पाणी धरणारी जमीन भाताला जाते. उतारावरची, दगडगोट्यांची वरकस जमीन उरते ती नाचणी-वरीला. तिची सगळी कामे पाहिली तर ती हातापायांची आणि वाकण्याची आहेत. उन्हाळ्यात पालापाचोळा, काटक्या आणि शेण डोक्यावरून आणून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर रोप टाकायचे, ते उपटून उतारावर लावायचे, मग पावसात भिजत निंदायचे. आश्विन-कार्तिकात कणसे विळ्याने कापायची, वाळवायची, झोडपायची, पाखडायची आणि पुढे वर्षभर दळायची. नांगर धरण्याचे काम पुरुषाचे. त्यानंतरचे बहुतेक सारे बायकांचे.

कामे बायकांची होती, तसे काही निर्णयही त्यांचेच होते. कोणते कणीस बियाण्याला काढून ठेवायचे हे ती ठरवी. हळवी, निमगरवी आणि गरवी अशा तिन्ही जाती ती थोड्या थोड्या राखी. हळवी नाचणी लवकर हाती येते आणि भाद्रपद-आश्विनातले रिकाम्या मडक्याचे दिवस तिच्यावर निघतात, हे तिला ठाऊक असे. बियाणे राखेत घालून मडक्यात ठेवायचे, हेही तिनेच. कणगी भरली की तीतून किती काढायचे, बाळंत झालेल्या लेकीला किती पाठवायचे, बाजारच्या दिवशी मीठ-मिरचीसाठी किती घालायचे आणि दारी आलेल्याच्या झोळीत किती टाकायचे, हेही तीच पाही. नाचणीला कीड सहसा लागत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते. म्हणून ती कणगी बाईची जणू पेढीच होती. त्या पेढीवर नवऱ्याची सही लागत नसे.

हा अधिकार तिला कोणी दिला होता? कोणीच नाही. तो कुठे लिहिलेला नव्हता, कोणत्या पंचायतीत ठरलेला नव्हता. भाताकडे सावकाराचे लक्ष असे, व्यापाऱ्याचे असे, म्हणून घरच्या पुरुषाचेही असे. नाचणीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. जे कोणालाच नको होते ते तिच्याकडे राहिले.

मी डोंगराकडच्या एका शाळेत शिकवते. मुलाचे नाव घालताना त्याच्या आईवडिलांचा व्यवसाय लिहावा लागतो. मुलाला विचारले की ते सांगते, ‘बाबा शेती करतात, आई घरी असते.’ ते हे सांगत असते त्या वेळी आई बहुधा समोरच्या उतारावर ओणवी होऊन निंदत असते, आणि खिडकीतून ती दिसतही असते. मूल खोटे बोलत नाही. मोठ्यांच्या भाषेत ‘शेती करणे’ म्हणजे शेत नावावर असणे, हे त्याने वयाच्या सहाव्या वर्षीच ओळखलेले असते.

आता भाव आला म्हणजे काय घडते ते पाहू. यात कोणी दुष्ट माणूस येत नाही. सगळे आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात. पहिल्या वर्षी व्यापारी गावात येऊन नाचणी मागतो. दुसऱ्या वर्षी घरचा पुरुष म्हणतो, ‘वरकसात कशाला, खाली चांगल्या तुकड्यात करू.’ तिसऱ्या वर्षी सरकारी खरेदी केंद्र उघडते. तिथे सातबारा लागतो, आधार लागते, बँकेचे पासबुक लागते. सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे असते, म्हणून पैसेही त्यांच्याच खात्यात जातात. मालाला एकसारखा रंग आणि दाणा हवा, म्हणून तीन जातींच्या जागी एकच सुधारित वाण येतो आणि बियाण्याचे मडके रिकामे राहते. माल स्वच्छ हवा, म्हणून निंदणी आणि पाखडणी वाढते. ती मात्र तिचीच राहते. आणि कणगी भरण्याच्या आधीच पोती बांधली जातात, कारण भाव सुगीतच असतो. घरात जेवायला रेशनचा तांदूळ असतोच.

काम वाढले आणि कारभार गेला, असा हा हिशेब होतो. अशाच एका घरच्या बाईने मला एकदा जे सांगितले त्याहून नेमके मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “बाई, भाव नव्हता तवा कणगी माझी व्हती. आता भाव आलाय, तर घरात कणगीच नाही.”

हे आपल्याच डोंगरातले दुखणे आहे असे कोणी समजू नये. नाचणी मुळात आपल्याकडची नव्हेच. हजारो वर्षांपूर्वी ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातून इकडे आली. त्याच खंडाच्या पश्चिम टोकाला गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. गांबिया नदीच्या दोन्ही तीरांवर तो वसला आहे. तिथे पुरुष विक्रीसाठी भुईमूग लावीत आणि नदीकाठच्या पाणथळीत बायका भात लावीत. मान्दिन्का लोकांत शेताचे दोन प्रकार मानतात. घरादाराच्या सामाईक शेताला ते ‘मारुओ’ म्हणतात. त्याचे उत्पन्न कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात. ज्याने कसले त्याचे स्वतःचे शेत ते ‘कामान्यांगो’. त्याचे उत्पन्न त्याचे किंवा तिचे. बाईने दलदल साफ करून काढलेली भातजमीन तिची मानली जाई आणि आईकडून ती लेकीकडे जाऊ शके.

१९८४ साली तिथे जहाली-पचार या ठिकाणी परदेशी मदतीतून मोठी पाटबंधारे योजना झाली. पंप आले, नवे बियाणे आले, वर्षात दोन पिके निघू लागली. भात हे बायकांचे पीक, तेव्हा जमिनीही बायकांच्याच नावावर कराव्यात, असा आग्रह बायकांनी धरला आणि योजनेच्या कारभाऱ्यांनी तो मान्यही केला. नोंदी बायकांच्या नावाने झाल्या. मग सांगण्यात आले की दोन पिकांना साऱ्या घराचे हात लागतील, म्हणून या जमिनी ‘मारुओ’ समजाव्यात. एका शब्दाने काम झाले. कागदावर नाव तिचे राहिले, राबणेही तिचे राहिले आणि उत्पन्नाचा कारभार घरच्या पुरुषाकडे गेला. जूडिथ कार्नी या भूगोलाच्या अभ्यासिकेने हे सारे बारकाईने नोंदवून ठेवले आहे. काही बायकांनी आपल्या कामाबद्दल भाताचा वाटा मागून घेतला. काहींनी त्या शेतातून हातच काढून घेतला आणि टोळ्या करून दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने लावणी करू लागल्या. ज्या पाणथळी त्यांच्या आयांनी साफ केल्या होत्या, तिथे त्या मजूर झाल्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पैसा नवऱ्याच्या खात्यात गेला म्हणून काय बिघडले? तो घरातच आला ना? नवराबायकोत ‘माझे’ आणि ‘तुझे’ असा हिशेब मांडायचा म्हणजे संसाराची पेढी करायची! हा आक्षेप घेणारे लोक वाईट नसतात. पुष्कळदा ते चांगले नवरेच असतात, आणि क्वचित चांगल्या सासवाही असतात.

त्यांना माझे उत्तर असे आहे की संसार एक असतो हे खरे, पण तो एक असतो म्हणजे त्यात प्रश्न नसतात असे नाही. अमर्त्य सेन यांनी १९९० साली लिहिलेल्या एका निबंधात कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालणारी जागा असे केले आहे. घरात कोण किती राबते यापेक्षा कोण किती मिळवते असे ‘दिसते’, यावर कोणाच्या शब्दाला वजन हे ठरते, असा त्यांचा मुद्दा आहे. नाचणीच्या बाबतीत तो डोळ्यांनी पाहता येतो. कणगीतली नाचणी ही बाईची कमाई म्हणून दिसत होती. पासबुकातला आकडा तसा दिसत नाही. त्या आकड्यातून घरावर पत्रा येईल, मोटारसायकल येईल. त्या वाईट गोष्टी नव्हेत. पण लेकीकडे दोन पायल्या पाठवायच्या तर आता मागावे लागेल. पूर्वी जे ती देत होती ते आता ती मागते. घराचे उत्पन्न वाढले तरी तिचे एवढे कमी झालेच.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो गोड आहे. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, बाजाराने हे सगळे नासवले. नाचणी होती तशीच राहायला हवी होती. जाते, ओवी, कणगी, मातीचे मडके यांत केवढे सौंदर्य होते! असे म्हणणाऱ्यांनी एक महिना पहाटे चारला उठून जात्यावर बसावे. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी बायकांनी जात्यासाठी अश्रू ढाळल्याचे मी कुठे ऐकलेले नाही. खुंट्याने पडलेले हाताचे घट्टे त्यांना ठाऊक होते. नाचणीला भाव नव्हता तेव्हा बाई कणगीची धनीण होती, पण त्या कणगीत असे किती? आजारपण आले की त्या कणगीने डॉक्टर येत नव्हता. मुलीला पुढे शिकवायचे तर त्या कणगीने वसतिगृहाचे पैसे भरले जात नव्हते. दुसऱ्याच्या गरिबीत आपण सौंदर्य पाहावे आणि ते टिकावे म्हणून तिने गरीब राहावे, ही मागणी निष्ठुर आहे. ती बाजारापेक्षाही निष्ठुर आहे, कारण बाजार निदान काही देऊ करतो.

दक्षिण अमेरिकेतल्या किन्वा नावाच्या धान्याची हकीकत या दोन्ही बाजूंना थोडे थोडे शिकवते. पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावर ते गरिबांचे अन्न होते. २०१३ हे किन्वाचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि त्याचे भाव आकाशाला भिडले. ‘श्रीमंतांच्या हौसेपायी गरिबांच्या तोंडचा घास गेला’ असा त्या वेळी मोठा गवगवा झाला. पेरूमधल्या घरोघरच्या खर्चाचे आकडे अभ्यासकांनी पुढे तपासले तेव्हा तिथल्या लोकांचे राहणीमान भावामुळे खालावले नव्हते, उलट थोडे सुधारले होते, असे दिसले. म्हणजे भाव हा शत्रू नव्हता. पण इतर प्रदेशांतही लागवड वाढली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तेच भाव झपाट्याने कोसळले. भाव येतो आणि जातोही. तो गेल्यावर मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे. बियाण्याचे मडके आणि कणगी मोडून जो भावामागे धावला, त्याला परत यायला घर उरत नाही.

तेव्हा ‘किंमत असावी की नसावी’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटू लागला आहे. किंमत नव्हती तेव्हा बाईजवळ जे होते ते नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: मोकळीक आणि अधिकार. दोन्हींत माणूस आपल्या मनाप्रमाणे वागू शकतो, म्हणून ते एकच वाटतात. पण दुसऱ्या कोणाला ती वस्तू नको असते तोवर आपल्याला मिळते ती मोकळीक. दुसऱ्याला हवीशी झाली तरी आपल्याकडे राहतो तो अधिकार. अंगणातल्या बोरीची बोरे पोरांनी कितीही खावीत. त्याच जागी हापूस लावला की कुंपण येते. पोरांचा बोरांवर अधिकार कधीच नव्हता, त्यांना मोकळीक होती. नाचणीवर बाईला होती ती मोकळीक. उपेक्षेने ती दिली होती. कौतुक आले तेव्हा ती संपली.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे जुन्या दिवसांसाठी हळहळायचे कारण राहत नाही आणि नव्या दिवसांना दोष द्यायचेही राहत नाही. किमतीने अन्याय निर्माण केला नाही. होता तो उघडा पाडला. जमीन कोणाच्या नावावर, हा प्रश्न नाचणी स्वस्त असतानाही होताच. २०१५-१६ च्या कृषिगणनेत आपल्या देशातल्या वहितीच्या खातेदारांत बायकांचे प्रमाण शंभरात चौदाच्या आसपास भरले. बाकीच्या घरांत बायका शेतात नव्हत्या असे कोण म्हणेल? आणखी एक गंमत पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती घरातली सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख मानली आहे. म्हणजे धान्य घेताना ती प्रमुख आणि पिकवताना कोणीच नाही. खाणे घालणे हे तिचे काम, हे आपल्याला मान्य आहे. पिकविणेही तिचेच आहे, हे कबूल करायला मात्र सातबाऱ्याचा कागद तयार नाही.

मग मोकळिकीचा अधिकार कसा होतो? याची उत्तरे कोणी हवेतून काढायला नकोत. ती आपल्या आसपास थोडीथोडी सापडतात. नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. देशी बियाणी त्यांनी जमवली, जपली, वाटली आणि २०२० च्या यादीत त्यांचे नाव पद्मश्रीसाठी आले. मडक्यातले बियाणे हे ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाला एक नाव-गाव असलेली मालकीण आहे, हे त्यांच्यामुळे लोकांना दिसले. पूर्वी आपण ‘जुने वाण’ म्हणत होतो. ते कोणी जुने होईपर्यंत सांभाळले हे विचारत नव्हतो.

तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथल्या गावांतल्या गरीब, बहुतेक दलित, बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या साथीने १९८० नंतरच्या वर्षांत आपले संघ बांधले. पडीक जमिनी त्यांनी वहितीस आणल्या. नव्वदीच्या दशकात त्यांनी आपलीच रेशनव्यवस्था उभी केली: ज्वारी-भरडधान्ये गावात पिकवायची, गावात साठवायची आणि गावातल्या गरजू घरांना स्वस्तात द्यायची. कोणते घर किती गरीब हेही गावानेच ठरवायचे. आधी गावची कणगी आणि मग विक्री, हा क्रम त्यांनी सोडला नाही. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ओडिशा सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या भरडधान्य मोहिमेतही बायकांच्या बचतगटांना काम मिळाले, आणि तिथे नाचणी पोरांच्या आणि घरच्यांच्या ताटात परत यावी हाही हेतू ठेवला होता, नुसती पोती भरावीत एवढाच नव्हे.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन झाले. त्यानंतरच्या काळात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम घेतला: नवऱ्याने आपणहून आपल्या जमिनीचा एक हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा. अनेक गावांतल्या पुरुषांनी तो केलाही. शेतमालाला भाव मागणाऱ्या माणसांनीच हे केले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याला भाव मिळावा असे जो म्हणतो त्याने घरातल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे देणे आधी द्यावे, एवढी सरळ नीती त्यात होती. भाव आणि न्याय ही भांडकुदळ भावंडे नव्हेत, ती एका ताटात जेवू शकतात, हे त्यांनी दाखवले.

परंतु गांबियाची गोष्ट विसरून चालणार नाही. तिथे कागदावर नाव होते. नाव असूनही हक्क गेला. म्हणून सातबाऱ्यावर नाव चढले की झाले, असे मला वाटत नाही. नाव हवेच, त्याच्यावाचून पुढचे काही सुरूच होत नाही. पण त्याबरोबर तागडी तिच्या हातात हवी, म्हणजे काय विकायचे, केव्हा, कोणाला आणि केवढ्याला, हे ठरविताना तिचा शब्द हवा. ही गोष्ट एकटीला जमत नाही. पाचपन्नास जणींचा गट असला तर व्यापाऱ्यालाही ऐकावे लागते आणि घरच्यालाही. पैसे तिच्या खात्यात हवेत आणि ते खाते चालवायला येण्याइतके शिक्षण तिच्या लेकीला तरी हवे. आणि विकण्याआधी घरची कणगी भरलेली हवी. ज्या घरात पिकते त्या घरातले मूल ती खाऊ शकले नाही, तर त्या धान्याला ‘श्री’ हे उपपद कोणत्या तोंडाने लावायचे?

शहरातल्या वाचकांनी यात काय करावे, असे कोणी विचारील. नाचणी खाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. खावी, भरपूर खावी, आणि तिचा रास्त भाव द्यावा. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण डबाबंद लाडवाची किंमत मुकाट्याने देतो. त्या किमतीतले सुपापर्यंत किती पोचते, एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. जिथे बायकांचे गट स्वतः माल विकतात तिथून तो घ्यावा. याला मी दान समजत नाही. ज्या हातांनी राब भाजला त्या हातांचे ते देणे आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या घरात करून पाहण्यासारखी आहे. हा प्रश्न फक्त डोंगरातल्या बाईचा नाही. शहरातल्या कितीतरी घरांत आईच्या हातच्या चकल्या-करंज्या वर्षानुवर्षे ‘हौस’ म्हणून वाटल्या जात होत्या. कोणी तरी ऑर्डर दिली, चार पैसे येऊ लागले, आणि मग घरातला कर्ता हिशेबाची वही घेऊन बसला. ‘तू फक्त कर, बाकीचे मी बघतो,’ हे वाक्य प्रेमानेच म्हटले जाते. पण ‘बाकीचे’ म्हणजे काय काय, हे एकदा दोघांनी मिळून मोजावे. मोजताना भांडण झाले तरी चालेल. दिवाळीतले भांडण भाऊबिजेपर्यंत टिकत नाही.

पाडव्याच्या दिवशी आपण ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणून ओवाळतो. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, आणि तो राजा नेहमी पुरुषच असतो. त्या बळीला एक राणी होती. तिचे नाव विंध्यावली. वामनाला तीन पावले भूमी द्यायचे ठरले तेव्हा त्याचे पाय धुण्यासाठी पाण्याचा सोन्याचा कलश तिनेच आणला, असे भागवतात आहे. शुक्राचार्यांनी आपला सल्ला दिला होता, बळीने आपला निर्णय केला होता. राणीला कोणी विचारल्याचे तिथे आढळत नाही. राज्य गेल्यावर मात्र ती बोलते. हे जग ज्याने निर्माण केले त्याचे ते आहे, त्याच्यावर दुसरे लोक आपली मालकी सांगतात ते अडाणीपणाने, अशा अर्थाचे तिचे बोलणे आहे. भक्तीच्या अंगाने ते देवाला उद्देशून आहे. तरी ज्या बायकांनी एकेक रोप हाताने लावले आणि ज्यांचे नाव कोणत्याही कागदावर आले नाही, त्यांच्या तोंडीही ते शोभेल असे मला नेहमी वाटते.

बळीचे राज्य यावे अशी प्रार्थना आपण यंदाही करूच. ते येईल तेव्हा जमीन, बियाणे आणि पीक यांविषयी काही ठरवायची वेळ पुन्हा येईल. त्या वेळी विंध्यावलीला कलश घेऊन उभे न करता शेजारी बसवून विचारावे, एवढीच माझी त्यात भर आहे.